कबरीपाशी ठेवलेली अमानत

बहारीनच्या मातीत सोने नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या छंदाविषयी ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असे. ते बेट चुनखडीचे आणि वाळूचे. तिथे तेल निघाले, त्यापूर्वी समुद्रातून मोती निघत. सोने कधी निघाले नाही. तिथल्या जमिनीत सोने सापडलेच, तर ते कुणाच्या तरी बोटातून वा गळ्यातून पडलेले असणार. म्हणजे त्याला मालक असणार. हातात डिटेक्टर घेणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे सर्वेअर म्हणून गेलो. रस्ते, पाण्याच्या टाक्या आणि घरे बांधणारी कंपनी होती. कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर नोकरी सोडून निघाला, तेव्हा त्याने सामान विकायला काढले. लोकांनी पंखा घेतला, शीतपेटी घेतली. मी डिटेक्टर घेतला. लांब दांडा, खाली ताटलीएवढे वेटोळे, कानाला लावायचे हेडफोन. जमिनीत धातू असला की सूर चढतो. सोडाबाटलीचे बूच आणि अंगठी यांचे सूर वेगळे असतात. तो फरक कानात बसायला मला एक हिवाळा लागला.

त्याआधी मी दुसरे काम केले. हे यंत्र कुठे चालवता येते, याची चौकशी केली. नगरपालिकेत सांगितले, किनारा मोकळा आहे. पोलीस ठाण्यात सांगितले, बंदर, विमानतळ, तेलाच्या नळांचा पट्टा आणि लष्करी कुंपण यांच्या जवळपास दिसू नका. खजुराच्या बागांविषयी म्हणाले, मालकाला विचारा. एका मालकाने परवानगी दिली, खजूर खाऊ घातले आणि तीन तास माझ्या मागे एका पावलाच्या अंतराने चालत राहिला. ते योग्यच होते.

शेवटी प्राचीन वस्तूंच्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी पन्नाशीचा, पांढरा पायघोळ थोब घातलेला, चष्म्याचा. भारतीय व्यापाऱ्यांच्या संगतीत शिकलेली हिंदी आणि परदेशात शिकलेली इंग्रजी तो एकाच वाक्यात बोले. त्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवले. आली गावापासून पश्चिमेकडे पसरलेले ते बुटके ढिगारे. हजारो. लांबून पाहणाऱ्याला खडीचे ढीग वाटावेत. त्या कबरी आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या.

"तिथे ते मशीन चालवायचे नाही," तो म्हणाला. "मशीन गाडीत ठेवून तिथून गेलात तरी मी विचारीन, का गेलात. आणि समुद्रावर काही जुने सापडले, तर ते तुमचे नाही. इथे आणून द्यायचे."

घरी येऊन मी सर्वेच्या नकाशाची एक प्रत घेतली. जिथे चालेल तिथे हिरवी पेन्सिल, जिथे विचारावे लागेल तिथे पिवळी, जिथे नाही तिथे लाल. बेटाचा बराच भाग लाल झाला.

राजधानी मनामातल्या हूऱ्यात आम्ही तिघे एका फ्लॅटमध्ये राहत होतो. मी देशावरचा. दुसरा आमच्याच कंपनीचा स्टोअरकीपर, वसईचा ख्रिस्ती, चाळिशीचा, तोंडाने सैल आणि कामात चोख. तिसरे शटरिंगचे मुकादम, रत्नागिरीकडचे मुसलमान. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठे, बांध्याने ठेंगणे. मासे तेच करत. बाजारातून सुरमई वा शेरी आणून वाटण घालून रांधले की जिन्यापर्यंत वास येई. आम्ही भांडी घासत असू.

शुक्रवारी पहाटे मी हिद्दच्या बाजूला किंवा मुहर्रकच्या उत्तरेला ओहोटीत उतरत असे. त्या उथळ पाण्यात पुढे भराव टाकून बेटे उभी केली आणि त्यांवर आता बंगले आहेत, असे ऐकतो. मला तिथे बुचे मिळाली, मासेमारीच्या पिंजऱ्यांची शिशाची वजने मिळाली, नाणी मिळाली. एकदा सोन्याची अंगठी मिळाली. ती मी पोलीस ठाण्यात दिली आणि पोच घेतली.

"साहेब," स्टोअरकीपर म्हणाला, "लोक मशीन घेऊन सोनं शोधतात. तुम्ही पावत्या शोधता."

"पावती नसेल तर चोरी म्हणतात."

"मग तो नकाशा फ्रेम करून लावा ना क्रॉसच्या शेजारी. रोज मेणबत्ती पण लावतो मी."

मुकादम हसत. पण ते तो नकाशा वारंवार पाहत, हे माझ्या लक्षात आले होते. आलीच्या बाजूचा लाल पट्टा पाहत. मी कारण विचारले नाही.

कारण मला एका शुक्रवारी कळले. त्यांचा करार संपत आला होता. अकरा दिवसांनी, मंगळवारी, त्यांचे विमान होते. कायमचे जायचे होते. मुलीचे लग्न ठरले होते. जुम्म्याची नमाज आणि जेवण झाले, स्टोअरकीपर झोपला. मुकादम माझ्या खाटेपाशी खुर्ची घेऊन बसले.

"भाऊ, एक गोष्ट सांगायची हाय. रागावू नका."

"बोला."

"माझा सोना हाय. पोरीचा. आठ बांगड्या नि एक साखळी. तो मी आलीच्या ढिगाऱ्यात पुरून ठेवलाय."

मी उठून बसलो.

त्यांनी सांगितले ते असे. हूऱ्यात येण्यापूर्वी ते दोन वर्षे आलीजवळच्या कॅम्पमध्ये होते. आमच्याच कंपनीचा कॅम्प, पत्र्याच्या बराकी. एका खोलीत आठ माणसे. मनामाच्या सोनेबाजारातून ते सवड होईल तशी एकेक बांगडी घेत. ठेवायला जागा नव्हती. कॅम्पमध्ये सगळ्यांच्या पेट्यांना एकाच दुकानाची कुलुपे होती आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागे. गावी जाणाऱ्या माणसाबरोबर एकदा एक साखळी पाठवली होती. ती घरी पोहोचली, पण वजनाने उतरून पोहोचली. नेणाऱ्याला काही बोलता आले नाही, कारण तो नात्यातला होता. बँकेत सही लागते आणि ते अंगठा लावत. तिथल्या बाबूसमोर अंगठा लावायची त्यांना लाज वाटे, हे त्यांनी मान खाली घालून सांगितले.

"म्हणून कबरीत?"

"कबरीत नाय, कबरीपाशी. वरच्या खडीत. हातभर पन खोल नाय. त्या ढिगाऱ्यांना सगले कामगार भितात. कोन हात लावनार? मी मेलेल्यासाठी फातिहा पढला नि म्हटला, बाबा, जो कोन असशील तो, ही माझ्या पोरीची अमानत हाय, सांभाल. दुधाच्या पावडरीचा डबा, त्यात प्लास्टिक. वर सपाट दगड."

"हूऱ्यात आल्यावर काढले का नाही?"

"तिथं बरा होता ना! कोन चोरनार? दर चार-सा महिन्यांनी जाऊन नवी बांगडी घालून येत व्हतो. मागल्या साली पाय मोडला, मग जाना झाला नाय. आता गेलो बघायला तर कॅम्प खलास. सगला उचलला. नि ढिगाऱ्यांना तार मारली, पाटी लावली. भाऊ, कॅम्प नाय तर मना तो ढिगारा ओलखतच नाय. सगले सारके."

त्यांनी खूण कशी ठेवली होती ते मी विचारले. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर उभे राहायचे. तिसऱ्या बराकीच्या कोपऱ्यावर नजर धरायची. त्या रेषेत बराकीच्या पुढे चाळीस पावले. रेषा घेण्याची रीत चांगली होती. शटरिंगच्या माणसाला दोरी धरणे ठाऊक असते. पण टाकी आणि बराक ही दोन्ही तात्पुरती बांधकामे होती. अशा खुणेवरून माप घेऊ नये, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. त्यांना कुणी शिकवले नव्हते.

"तुमचा मशीन पाच मिनटांत दाखवील," ते म्हणाले. "जुम्म्याला दुपारी राखनदार नमाजला जातो नि मग झोपतो. आपन दोगं जाऊ."

"नाही."

"चोरी नाय ही. माझाच हाय."

"सोने तुमचे आहे. ढिगारा तुमचा नाही."

"मग मी काय करू? पोरीला रिकाम्या हातानं सासरी पाठवू? सात वर्सांची कमाई हाय ती."

"मला विचार करू द्या."

ते उठले. खुर्ची जागेवर ठेवली. रागावले नव्हते. त्यांना वाटले, मी तयार होईन.

मी विचार केला तो असा. कुंपणाच्या आत यंत्रासह सापडलो, तर सोने जप्त होईल आणि ते स्वतःचे असल्याचे त्यांना सिद्ध करता येणार नाही. दोघांनाही विमानात बसवतील. न सापडलो, तरी अंदाजाने पाच-सहा कबरी उकरून ठेवू. मार्ग एकच होता. ज्याची जागा, त्याला विचारणे. हे मी मुकादमांना सांगितले असते, तर त्यांनी नको म्हटले असते. म्हणून मी सांगितले नाही. शनिवारी सकाळी दोन तासांची रजा टाकली आणि त्या कार्यालयात गेलो.

अधिकाऱ्याने सगळे ऐकून घेतले. चहा मागवला. मग विचारले, "माणूस कोण?"

"नाव सांगणार नाही."

"त्याने ढिगाऱ्यातून काही काढले?"

"काढले नाही. ठेवले."

"ठेवायला खणावे लागते." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला आठवते, मी काय सांगितले होते?"

"आठवते. म्हणून आलो."

तो चष्म्याच्या काचा पुसू लागला. मी फातिहाची गोष्टही सांगितली. ती सांगावी असे ठरवले नव्हते.

"फातिहा पढला?" त्याने पुन्हा विचारले.

"हो. आणि त्या मृताला म्हणाला, ही अमानत आहे."

"तो मृत फातिहाच्या फार आधीचा आहे," अधिकारी म्हणाला. पण आवाज बदलला होता. "माझ्या हातात सगळे नाही. वर विचारावे लागेल. चार दिवसांनी या, इंशाल्ला. आणि त्या माणसाला सांगा, तोवर तारेजवळ दिसला तर माझ्याकडे इलाज मफी, काही नाही."

संध्याकाळी मी मुकादमांना सांगितले. ते कांदा चिरत होते. सुरी खाली ठेवली.

"तुमी हापिसात सांगितलात?"

"नाव दिले नाही."

"नावाला काय करायचा? हूऱ्यातनं तुमच्या घराचा पत्ता काडतील, तुमाला सोडून दोनच मानसा हायत इथं, त्यातला कोन ते लहान पोरगा पन सांगंल! भाऊ, मी तुमाला सांगितला. हापिसाला नाय सांगितला."

"दुसरा मार्ग नव्हता."

"माझा मार्ग मना इचारायचा तरी व्हता!"

स्टोअरकीपर आतून आला. त्याला तेव्हा सगळे कळले. तो एरवी कोणत्याही गोष्टीवर विनोद करी. या वेळी त्याने केला नाही. मुकादमांकडे पाहून म्हणाला, "चाचा, बसा आधी," आणि मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही माणूस आहात की सर्क्युलर?"



त्या दिवसापासून मुकादम आमच्यासाठी रांधेनात. कामावरून येत, शेजारच्या हॉटेलातून रोटी आणत आणि खिडकीकडे तोंड करून खात. माझ्याशी बोलणे बंद. तिसऱ्या दिवशी मी डाळ केली. ती करपली.

"खा," स्टोअरकीपर म्हणाला. "कायद्याची आमटी आहे. पावती मागू नका फक्त."

पण त्यानेच त्या आठवड्यात कामाची गोष्ट केली. कॅम्पचा मूळ आराखडा माझ्याच हाताखाली आखलेला होता. त्याची प्रत स्टोअरमध्ये कुठेतरी असणार, असे मी म्हणालो होतो. तो दोन दिवस जुन्या गुंडाळ्या उलगडत बसला. मंगळवारी रात्री त्याने धुळीने माखलेली ब्ल्यूप्रिंट माझ्या खाटेवर टाकली. टाकी, सहा बराकी, आणि रस्त्याखालच्या काँक्रीटच्या मोरीपासून त्यांची मापे. मोरी रस्त्याची होती. ती उचलली नव्हती. मोरीवरून टाकीचा कोपरा काढता येई, बराकीचा कोपरा काढता येई, आणि त्या दोहोंवरून मुकादमांची रेषा. सबंध पट्ट्याऐवजी एक-दोनच ढिगारे पाहावे लागणार होते.

तोच कागद घेऊन मी बुधवारी अधिकाऱ्यापुढे गेलो. त्याने तो टेबलावर पसरला, कडांना पुस्तके ठेवली आणि बराच वेळ वाचला. आराखडा वाचता येणारा माणूस होता.

"म्हणजे तुम्ही शोधणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही थेट तिथे जाणार."

"तसा प्रयत्न आहे."

"शनिवारी सकाळी. मी येईन. खणायचे ते माझा माणूस खणेल. सोने सापडले आणि ते त्याचेच ठरले, तर त्याचे. दुसरे काही निघाले, तर ते आमचे. आणि तो माणूस स्वतः आला पाहिजे. नाव घेऊन."

ही अट मी मुकादमांना सांगितली. ते भिंतीकडे पाहत होते. मंगळवारचे विमान होते. शनिवारनंतर दोन दिवस उरत. नाव सांगितले तर पकडतील, न सांगितले तर सोने तिथेच राहील. त्यांनी दोन दिवस घेतले. शुक्रवारी नमाजहून आल्यावर दारातच म्हणाले, "येतो." एवढेच.

शनिवारी सातला आम्ही पोहोचलो. कंपनीचे कोन मोजायचे थिओडोलाइट खासगी कामास वापरण्याची लेखी परवानगी मी घेतली होती. अधिकारी आला, बरोबर कुंचला आणि छोटी थापी घेतलेला त्याचा माणूस, आणि तारेचा राखणदार. अधिकाऱ्याने मुकादमांना नाव विचारले, वहीत लिहिले, आणि हात पुढे केला. मुकादमांना आधी कळले नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला.

"जुम्म्याच्या दुपारी येणार होतात म्हणे," अधिकारी त्यांना हिंदीत म्हणाला आणि राखणदाराकडे वळून अरबीत काही बोलला. राखणदार हसला.

"हा म्हणतो, मी शुक्रवारी झोपत नाही. शुक्रवारीच सगळे येतात."

त्या आठवड्यात मुकादमांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली.

मी मोरीवरून मापे सोडली. टाकीच्या कोपऱ्यावर एक खुंटी मारली, बराकीच्या कोपऱ्यावर दुसरी. रेषा कुंपणातून आत गेली. बराकीच्या खुंटीपासून शंभर फूट टेप धरली. चाळीस पावले म्हणजे शंभर फूट; सर्वेअरचे पाऊल अडीच फुटांचे असते. टेप एका ढिगाऱ्याच्या उतारावर आली.

"हा?" मी विचारले.

मुकादमांनी ढिगाऱ्याभोवती फेरी घातली. "नाय वाटत. माझा लहान होता. पन काय सांगू."

अधिकाऱ्याने मान डोलावली. मी हेडफोन लावले आणि वेटोळे फिरवले. वरच्या अंगाला सूर चढला. अधिकाऱ्याच्या माणसाने खडी एकेक करून बाजूला ठेवली, जिथून उचलली त्याच क्रमाने. निघाला तो मासळीचा चपटा डबा, कॅम्पच्या कचऱ्यातला. उघडलेला, गंजलेला.

मुकादम तिथेच खडीवर बसले. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, तरी त्यांनी डोळे झाकले नाहीत.

मी पुन्हा फिरवले. काही नाही. शेजारचा ढिगारा पाहिला. काही नाही. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. त्याला तासभर वेळ होता, त्यातला अर्धा गेला होता. मी आराखडा पुन्हा तपासला. मोरी बरोबर. कोपरे बरोबर. रेषा बरोबर. चूक मापात नव्हती, तर ती कुठे होती, हे मला कळेना. मी मुकादमांकडे पाहिले. ते ठेंगणे होते. खडीत चप्पल सरकते म्हणून पाय जपून टाकत. अडीच फुटांचे पाऊल माझे होते. त्यांचे नव्हते.

"मुकादम," मी म्हणालो, "तुम्ही चाला."

"काय?"

"बराकीच्या खुंटीवर उभे राहा. तेव्हा चालत होता तसे चाला. चाळीस. घाई करू नका, मोठी पावले टाकू नका. मी मोजणार नाही. तुम्हीच मोजा."

ते उठले. खुंटीवर गेले. टाकीच्या खुंटीकडे वळून एकदा पाहिले, मग तोंड फिरवले आणि चालू लागले. ओठ हलत होते. कुंपणापाशी राखणदाराने तार वर धरली, ते वाकून आत आले आणि आकडा न चुकवता पुढे चालले. माझ्या टेपच्या वीसेक फूट अलीकडे थांबले. तिथे दोन मोठ्या ढिगाऱ्यांच्या मध्ये एक अगदी बुटका ढिगारा होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"हा," ते म्हणाले. "या अल्ला. हाच हाय."

हेडफोनमध्ये सूर असा चढला की मी ते काढून अधिकाऱ्याच्या कानाला लावले.

सपाट दगड उचलला. डबा खाऱ्या मातीने खाल्ला होता. झाकण हाताला लागताच तुकडे पडले. आतले प्लास्टिक शाबूत होते. प्लास्टिकबाहेर राहिलेल्या सोनेबाजारातल्या पावत्यांचा लगदा झाला होता. बांगड्या आणि साखळी जशाच्या तशा. अधिकाऱ्याने एक बांगडी घेऊन भिंगाखाली धरली. आतल्या अंगाला मनामातल्या दुकानाचा शिक्का होता. आठही पाहिल्या.

"ही मुलीची?"

"जी. पोरीची."

"हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने सांभाळली तुमची अमानत," अधिकारी म्हणाला. "आणि तुम्ही त्याचे छप्पर उकरले. आता ते नीट करा. तुमच्या हाताने."

मुकादमांनी ओणवे होऊन खडी भरली. अधिकाऱ्याचा माणूस दाखवी तसा एकेक दगड त्यांनी बसवला. शटरिंगचे हात होते. सांधा जुळेपर्यंत दगड फिरवत. अधिकारी उभा राहून पाहत होता. घड्याळ त्याने पुन्हा पाहिले नाही. मग एका कागदावर त्याने चार ओळी लिहिल्या: प्राचीन काही नेले नाही, जागा पूर्ववत केली, वस्तू मालकास दिली. मुकादमांनी अंगठा पुढे केला. त्या वेळी त्यांना लाज वाटलेली दिसली नाही.

परतताना गाडीत बांगड्या रुमालात बांधून त्यांनी मांडीवर ठेवल्या होत्या. मनामात शिरताना त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"भाऊ," मग म्हणाले, "तुमी बरा केलात."

मी गाडी चालवत होतो.

"पन त्या साहेबानं नाय म्हटला असता तर?"

"तर सोने गेले असते."

"नि तुमचा काय गेला असता?"

"काही नाही," मी म्हणालो.

"तेच सांगतो. सोना माझा, पोरगी माझी. पयला मना इचारायचा. मग हापिसाला."

"हो," मी म्हणालो.  त्या दिवशी त्यांनी सुरमई आणली. स्टोअरकीपरने माझ्या ताटात डोके वाढले आणि म्हणाला, "घ्या साहेब, अंतिम निकाल."

सोमवारी संध्याकाळी मुकादम कस्टमचा फॉर्म घेऊन माझ्यापाशी आले. बरोबर नेत असलेले दागिने लिहून द्यायचे होते. मी पेन उघडले आणि थांबलो.

"काय लिहू?"

"जे हाय ते. लपवायचा नाय." ते शेजारी बसले आणि सांगू लागले. सोन्याच्या बांगड्या, आठ. सोन्याची साखळी, एक. मी लिहिले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, तरी पाहिले.

"नि लिहा, पोरीच्या लग्नासाठी."

त्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. जागा कुठे आहे ते मी पाहिले. खाली, सहीच्या वर, थोडे कोरे होते. तिथे मी लिहिले: मुलीच्या लग्नासाठी. शाईचे पॅड त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी अंगठा पॅडवर टेकवला आणि त्या ओळीखाली, दाबून, नीट उमटवला.